कष्ट वाचवावेत, सहवास नाही

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. १९१७ मध्ये आखलेल्या या गोल बाजारपेठेच्या मधोमध जगदंबेचं मंदिर आहे आणि भोवती कापड, सोनं-चांदी, भुसार, भांडी अशा व्यापारांच्या ओळी आहेत. घरात बाळ येणार असलं, की त्या घरातली माणसं यातल्या बहुतेक ओळी पालथ्या घालतात. झबली-टोपडी, कुंची, दुपटं, चांदीचे वाळे, कमरेचा करदोडा, बाळंतिणीसाठी डिंक, खारीक, खोबरं, अळीव. नांदेडमध्ये हीच फेरी वजिराबाद, सराफा, जुना मोंढा अशी होते. अलीकडे या यादीत बटण दाबलं की आपोआप हलणारा पाळणा, चाकांचा वॉकर, डायपरचे गठ्ठे आणि बाळापुढे मोबाइल उभा करायचा स्टँड यांची भर पडली आहे. यातलं काय घ्यावं आणि काय टाळावं, यावरून घराघरांत वाद होतात आणि ते बहुधा एकाच वळणावर जातात. आजीच्या मते जुनं ते चांगलं, तरुण आई-वडिलांच्या मते नवं ते सोयीचं. पण वस्तूचं वय हा निकषच चुकीचा आहे. जुन्यात घातक गोष्टी आहेत, नव्यात उपकारक आहेत आणि याच्या उलटही आहे. त्यापेक्षा साधी कसोटी अशी लावता येईल: एखादी वस्तू आई-वडिलांचे कष्ट कमी करत असेल तर ती जरूर घ्यावी, बाळाला मिळणारा माणसांचा सहवास कमी करत असेल तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

ही कसोटी भावनेतून आलेली नाही. तान्हं बाळ काय पाहतं आणि काय ऐकतं, याचा गेल्या साठ-पासष्ट वर्षांत बराच अभ्यास झाला आहे. नवजात बाळाला साधारण वीस ते तीस सेंटीमीटरपर्यंतचंच बऱ्यापैकी दिसतं. मांडीवरच्या बाळापासून आईचा चेहरा जेवढा दूर असतो, जवळजवळ तेवढंच. रॉबर्ट फँट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९६१ च्या सुमारास दाखवून दिलं, की बाळं कोऱ्या पृष्ठभागापेक्षा ठळक आकृत्यांकडे आणि चेहऱ्यासारख्या रचनेकडे जास्त वेळ पाहतात. १९८० मध्ये डीकॅस्पर आणि फायफर यांच्या प्रयोगात दिसलं, की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळं परक्या बाईच्या आवाजापेक्षा स्वतःच्या आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखणी चोखण्याची लय बदलतात. या विषयातला सगळ्यात बोलका पुरावा पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगाचा आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांच्या एका गटाशी चिनी भाषा बोलणारी माणसं समोर बसून खेळली, वाचून दाखवू लागली. दुसऱ्या गटांना तीच माणसं, तीच भाषा पडद्यावर दाखवली किंवा नुसती ऐकवली. पहिल्या गटातली बाळं चिनी ध्वनींमधला फरक ओळखू लागली. पडद्यासमोरची आणि ध्वनिफीत ऐकणारी बाळं काहीच शिकली नाहीत. शब्द तेच, आवाज तोच. समोर माणूस नव्हता एवढाच फरक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालच्या बाळाला पडदा मुळीच दाखवू नये असं सांगितलं, त्याच्याशी हा निष्कर्ष जुळतो. मोबाइलचा स्टँड आपल्या कसोटीवर पहिल्याच फेरीत बाद होतो.

मराठवाड्यातल्या बायकांनी हे प्रयोगशाळेशिवाय कसं साधलं, ते ओवीत दिसतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यांत मराठवाड्यातल्या बायकांच्याही आहेत. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’मध्येही तान्ह्या बाळावरच्या ओव्यांचा मोठा साठा आहे. या ओव्या गाताना बाईचे हात मोकळे नसत. ती दळत असे, निवडत असे, गोधडीला टाके घालत असे आणि पाळण्याची लांब दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून झोका देत असे. यावर कोणी म्हणेल, की मग जुना पाळणाही कष्ट वाचवणारं यंत्रच होता, विजेच्या पाळण्याने वेगळं काय केलं? आक्षेप रास्त आहे. दोरीचा पाळणा हे मोठं हुशारीचं यंत्र होतं, यात शंका नाही. पण त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस होता. बाळ कुरकुरलं की झोक्याचा वेग बदलत होता, आवाज चढत-उतरत होता, ओवीत बाळाचं नाव गुंफलं जात होतं. मोटर लावलेल्या पाळण्यात झोका उरतो आणि गाणंही वाजतं, पण बाळाच्या कुरकुरण्याला उत्तर देणारं कोणी राहत नाही. माँट्रियलमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनोळखी भाषेतलं गाणं ऐकणारी बाळं, नुसतं बोलणं ऐकणाऱ्या बाळांच्या जवळजवळ दुप्पट वेळ शांत राहिली. तिथे गाणं ध्वनिमुद्रित होतं, म्हणजे मुद्रित गाण्यानेही बाळ शांत होतं, हे मान्य केलं पाहिजे. पण शांत होणं आणि शिकणं या दोन गोष्टी आहेत. दुसरीसाठी माणूस लागतो. तेव्हा स्वयंपाक उरकेपर्यंत विजेचा पाळणा चालला तर बिघडत नाही. दिवसभर तोच चालणार असेल, तर तो सहवास खातो आहे.

डोळ्यांचं पहिलं चित्रही या भागात फार स्वस्तात मिळतं. आषाढ संपत आला, की पूजेच्या साहित्याच्या दुकानांत आणि हातगाड्यांवर जिवतीचा कागद विकायला येतो. थोडक्या पैशांत मिळणाऱ्या या छापील चित्रात वर नरसिंह आणि कालियामर्दन करणारा कृष्ण, मधे लेकुरवाळ्या जरा-जिवंतिका आणि खाली हत्ती व वाघावर स्वार झालेले बुध-बृहस्पती असतात. श्रावणात देवघराजवळ तो चिकटवून लेकरांच्या आयुष्यासाठी आई त्याची पूजा करते, शुक्रवारी मुलांना ओवाळते. यातली जरा ही महाभारतात जरासंधाची दोन शकलं जोडणारी राक्षसी. लोकांनी तिला लेकरं सांभाळणाऱ्या देवतेत बसवून टाकलं. कलेच्या इतिहासकाराला या कागदाबद्दल बरंच सांगता येईल. आपल्या मुद्द्यापुरतं पाहायचं, तर जाड काळ्या रेषा, मोठे डोळे आणि समोरून दिसणारे चेहरे हे तान्ह्या बाळाच्या नजरेला सापडणारंच चित्र आहे. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन या कागदासमोर उभं राहिलं, वाघ कुठे, हत्ती कुठे असं बोटाने दाखवलं, की बाळाची नजर चित्राकडे आणि चित्राकडून बोलणाऱ्या तोंडाकडे फिरू लागते. श्रद्धा असो वा नसो, हे चित्रवाचन आहे. पुढे माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारखी चित्रपुस्तकं हेच काम जास्त नेटकेपणाने करतात. पण ज्या घरात पुस्तक नाही, तिथेही जिवती, भिंतीवरची दिनदर्शिका किंवा दारातली रांगोळी आहे, आणि दाखवणारं बोट असलं तर तेवढं पुरतं.

गोधडीचं महत्त्व जरा वेगळं आहे. घरातली जुनी सुती लुगडी, धोतरं, चादरी यांचे थर एकावर एक घालून साध्या धावदोऱ्याने शिवलेली ही वस्तू बाळासाठी मुद्दाम लहान आणि पातळ करतात. बाळाला पहिल्यांदा नवं कापड न घालता जुनेरात गुंडाळायचं, या रीतीला व्यवहारातलं कारण आहे. शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडातली खळ आणि सुटा रंग निघून गेलेला असतो, ते ओल शोषतं आणि कातडीला टोचत नाही. बाजारातलं चकचकीत कृत्रिम धाग्याचं अंथरूण यातलं काहीच करत नाही. मात्र इथेही आंधळा मान उपयोगाचा नाही. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट बिछान्यावर झोपवावं, तोंडाभोवती सैल पांघरुणं, उशा ठेवू नयेत, हे आज बालरोगतज्ज्ञ एकमुखाने सांगतात. म्हणजे गोधडी खाली घट्ट अंथरायला उत्तम, पण तीन वाकळा अंगावर घालून बाळाचं नाकतोंड झाकणं धोक्याचं. हवामानाचाही विचार हवा. लातूर बालाघाटच्या पठारावर आहे आणि तिथल्या हिवाळ्यातल्या पहाटा गार असतात. तिथे कुंची कामाला येते. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात तापतं. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना बाळाला टोपडं, कुंची, मोजे असं सजवून ठेवणं म्हणजे फोटोसाठी बाळाला शिजवणं आहे. त्या दिवसांत पातळ मलमलचं झबलं हीच खरी खरेदी.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. हे सगळं लिहायला छान आहे, पण आईची झोप, धुण्याचा ढीग आणि पाण्याचा तुटवडा यांचं काय? या प्रश्नाला लातूरमध्ये फार नेमका अर्थ आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात कोणी आईला सांगितलं, की डायपर वापरू नको, दिवसाला पंधरा-वीस बाळुती धू, तर तो सल्ला नव्हे, छळ आहे. आपली कसोटी इथे स्पष्ट उत्तर देते. रात्रीचा डायपर बाळाचा सहवास कमी करत नाही. तो आईला सलग तीन-चार तास झोप देतो, आणि झोप झालेल्या आईचा दुसऱ्या दिवशीचा सहवास जास्त चांगला असतो. म्हणून तो घ्यावा. दिवसा हवा लागू द्यावी, पुरळ उठलं तर थांबावं आणि वापरलेले डायपर गुंडाळून वेगळे द्यावेत, नाल्यात फेकू नयेत, एवढी पथ्यं पुरे. कपडे धुण्याचं यंत्र, गॅसवर पाणी तापवणं, तयार डिंकाचे लाडू विकत आणणं हे सगळं याच बाजूला येतं. बाळाचं दूध मात्र दुसऱ्या बाजूला. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हा सल्ला सर्वमान्य आहे, आणि दूध-पावडर व बाटल्यांच्या जाहिरातींवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती याच कारणाने. आईला दूध येत नसेल किंवा औषधोपचार चालू असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडर द्यावीच. तिथे बाटली हा पराभव नाही. ज्या घरात अडचण नाही तिथे केवळ सोय म्हणून ती आणणं, याला विरोध आहे.

चालायला शिकवणाऱ्या गाड्यांत जुनं आणि नवं समोरासमोर उभं राहतं. पांगुळगाडा ही सुताराने केलेली तीन चाकांची लाकडी गाडी. बाळ स्वतः उभं राहून तिला धरतं आणि ढकलतं, म्हणजे तोल त्यालाच सांभाळावा लागतो, आणि कोणीतरी मोठं माणूस वाकून सोबत चालत असतं. चाकांच्या वॉकरमध्ये बाळ मधल्या झोळीसारख्या आसनात बसतं, पाय जेमतेम टेकतात आणि ते जमिनीवरून भरभर घसरत जातं. त्यामुळे चालणं लवकर येत नाही हे अभ्यासांनी दाखवलं आहे. जिन्यावरून पडणं, गरम भांड्यापर्यंत पोहोचणं असे अपघात मात्र इतके झाले, की कॅनडाने २००४ मध्ये वॉकरवर थेट बंदी घातली. वॉकर विकला जातो तो एकाच वचनावर: बाळ त्यात गुंतेल, तुम्ही मोकळे व्हाल. सहवासाच्या जागी वस्तू आली, की धोकाही तिच्यासोबत येतो, याचं हे ठळक उदाहरण. खेळण्यांबाबतही थोडी जाणकारी हवी. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांनी केलेली आणि भौगोलिक मानांकन मिळालेली खेळणी तेवढी यातून वगळली आहेत. नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणातल्या निर्मळची हलक्या लाकडाची रंगीत खेळणी अशा मानांकनाची आहेत. ती सुंदर आहेत, पण ती दाखवायची, नाव सांगायची. तोंडात घालणाऱ्या बाळाच्या हाती द्यायची नाहीत. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत भिरभिरं, पिपाणी, खुळखुळा घेताना हेच लक्षात ठेवावं. सुटणारा मणी, निघणारा रंग आणि तोंडात मावणारा तुकडा नसेल, तर दहा-वीस रुपयांचा खुळखुळा महागड्या खेळण्याइतकाच चांगला, कारण तो वाजवायला बाळाला सुरुवातीला दुसऱ्याचा हात लागतो.

जुन्यातलं काय सोडावं, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. डोळ्यांत काजळ घालणं सोडावं. सुरम्यात शिसं असतं आणि बाजारातल्या काजळातही ते असू शकतं, आणि शिशाचा मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम भरून निघत नाही. हौस असेल तर तीट तळपायाला लावावी. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे जीवघेणी विषबाधा होऊ शकते. गुटीतलं वेखंड, हिरडा, बेहडा उगाळण्याची सहाण जितकी मायेची, तितकीच ती अस्वच्छ असू शकते, आणि सहा महिन्यांआधी बाळाला पाण्याचीही गरज नसते. बंद खोलीत शेगडी आणि धुरी यांनी बाळाचा श्वास कोंडतो. चांदीच्या वाळ्यांच्या घुंगरांमुळे रांगतं बाळ कुठे पोहोचलं ते कळतं, म्हणून ते उपयोगाचे. पण गळ्यातला दोरा झोपेत फास होऊ शकतो, तो नको. या यादीवर रागावण्याचं कारण नाही. या रीतींमागचा हेतू बाळाला जपण्याचाच होता. हेतू राखून साधन बदलता येतं.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. सहवास, सहवास म्हणताना शेवटी तो द्यायचा कोणी? ओवी आईची, गोधडी आजीची, पाळण्याची दोरी बाईच्याच पायात. मग सहवासाचं कौतुक म्हणजे बायकांच्या बिनपगारी श्रमाचं कौतुक होत नाही का? होतं, जर सहवास म्हणजे फक्त आईचा सहवास असं मानलं तर. म्हणूनच कसोटीत ‘माणसांचा सहवास’ असं म्हटलं आहे. प्रसूती रजेच्या कायद्याने २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा दिली, तरी ती मिळते दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांतल्या बाईला. वडिलांना केंद्र सरकारी नोकरीत पंधरा दिवस आहेत, खासगी क्षेत्रात सर्वांना लागू असा कायदा नाही. बीडसह लातूर-नांदेडच्या काही तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर बाळ फडाच्या कडेला साडीच्या झोळीत असतं आणि आई मोळ्या बांधत असते. तिला ओवीचं महत्त्व सांगणं निर्लज्जपणाचं होईल. तिला पाळणाघर, मजुरी आणि रजा हवी. सहवास हा घराच्या हौसेचा प्रश्न जितका आहे, तितकाच कामाच्या तासांचा आहे. पण ज्या घरात वडील संध्याकाळी सातला घरी येतात आणि मोबाइल घेऊन बसतात, तिथे कायद्याकडे बोट दाखवता येणार नाही. बाळाला अंगाई कोणत्या आवाजात हवी याचा नियम नाही. बेसूर बापाचा आवाजही बाळाला चालतो. बाळ सुरापेक्षा ओळखीवर भाळतं.

आणि सहवास सगळ्या बाळांना सारखा मिळतो का, हेही विचारलं पाहिजे. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलबी किंवा बर्फी, ही विभागणी आजही रूढ आहे. ती वरवर गोड दिसते, पण महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुलीच होत्या, आणि २००१ मध्ये हा आकडा ९१३ होता. ज्या लोकपरंपरेने बाळाला एवढं गायलं, तिनेच लेकाचं कौतुक लेकीपेक्षा मोठ्या आवाजात केलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी लेकीच्या मायेच्या ओव्याही भरपूर आहेत आणि त्या पुढे न्यायला कोणाची परवानगी लागत नाही. पाळण्यात घालताना, घुगऱ्या वाटताना, वाळे घेताना मुलगा-मुलगी असा फरक करायचा नाही, एवढं घर ठरवू शकतं.

मग बारशाला आहेर काय न्यावा? आज पाहुणे नेतात ती झबली दोन महिन्यांत आखूड होतात आणि प्लास्टिकची खेळणी कपाटावर जातात. जुन्या बाळंतविड्यात बाळाइतकाच बाळंतिणीचाही विचार होता. तिचं खाणं, तिची शेक-मालिश, तिची विश्रांती त्यात धरलेली असे. तोच विचार आजच्या भाषेत मांडता येतो. आहेराचा अर्धा भाग कष्ट कमी करणारा असावा: महिनाभराचा डबा, धुण्या-भांड्याच्या बाईचा पगार, डायपरचा गठ्ठा, मऊ जुनेरांची गोधडी. उरलेला अर्धा भाग सहवास वाढवणारा: एक चित्रपुस्तक, सुताराकडचा पांगुळगाडा, आणि सगळ्यात दुर्मीळ म्हणजे आठवड्यातून दोन तास येऊन बाळाला सांभाळण्याचं पाळलेलं वचन, म्हणजे आई-वडिलांना झोपता येईल आणि बाळाला आणखी एक ओळखीचा चेहरा मिळेल. दुकानदाराला यातून फारसा नफा नाही, म्हणून त्याची जाहिरात कोणी करणार नाही. ती मावश्यांनी, मामांनी, शेजाऱ्यांनीच एकमेकांच्या कानावर घालावी लागेल.